घरची मोटर

अकोट
१६ एप्रिल २०२५

चि. दीक्षास, जयभीम.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद घेऊन बसलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी सावकाश वाच. पोस्टमन अजून कुणाचा नंबर बंद करू देत नाही, एवढं बरं आहे.

तुझी आई काल बडनेऱ्याहून परत आली. जयंतीला दोन दिवस तुझ्याकडे राहून आली म्हणून मी खुशीत होतो. स्टँडवर घ्यायला गेलो, रसवंतीवर बसवलं आणि विचारलं, पोरगी कशी आहे? तिने रसाचा ग्लास तसाच खाली ठेवला. म्हणाली, "पोरगी पंखा लावत नाई जी. मी बटन दाबलं तं उठून बंद केलं. दोन वर्सं झाले म्हने."

अमरावतीचा उन्हाळा मला कोणी शिकवू नये. तुमच्या त्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये हात टेकवत नाही. तिथे तू पंख्याशिवाय झोपतेस हे ऐकून मला आधी रागच आला, आणि तोही तुझ्यावर. माझा राग तुला ठाऊक आहे, आधी उकळतो आणि मग कारण शोधत फिरतो. रात्री जेवण गेलं नाही.

ललितला जाऊन येत्या नऊ मेला दोन वर्षं होतील. कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागला आणि माणूस जागेवर गेला. त्यात तुझा काय गुन्हा? कूलरचा पंप तू बाजारातून आणला होतास, एवढंच ना. सगळं गाव पंप बाजारातूनच आणतं. खरी गोष्ट अशी की तुमच्या घराला अर्थिंग नव्हतं. पिनेचा तिसरा पाय ललितने स्वतः तोडला होता, बोर्डात बसत नाही म्हणून. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता आणि आपला माणूस घरात असता. तुझ्या सासूबाई, पार्बताबाई, काही बोलत असतील तर त्यांना हे सांग. पोरगा गेलेली बाई आहे, ती बोलणारच. तू एका कानाने ऐक आणि पंखा लाव.

काल कपाट आवरताना जयंतीच्या गाण्यांच्या तुझ्या कॅसेटी सापडल्या. सेल वाचावे म्हणून तू त्या पेन्सिल घालून मागे फिरवायचीस. एक बाजू मागे जाईपर्यंत बारापासून पंधरापर्यंतचे पाढे म्हणून व्हायचे, असा आपला हिशेब होता. एकदा तू विचारलंस, "बाबा, आपल्या बोर्डावर रिवाइंडिंग लिवलं हाय, तं तुमीबी मोटरीत पेन्सिलच घालता का?" मी तुला मांडीवर बसवून जळालेली मोटर दाखवली होती. सांगितलं होतं की आपल्या कामात मागे काही जात नसतं. जळालेली तार कापून फेकायची आणि जितके फेरे होते तितकेच नव्या तारेचे भरायचे. तू म्हणालीस, "मंग ते नवीनच झालं ना." चारचौघांत सांगत फिरलो होतो मी, पोरगी हुशार आहे म्हणून.

पत्र पोहोचलं की आईच्या फोनवर कळव.

तुझा बाबा,
देवमन


अकोट
२७ एप्रिल २०२५

चि. दीक्षास,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो, पण रोज अकराला पोस्टमन दिसला की हातातला पाना थांबतो.

दुकानात मोटरींचा ढीग लागला आहे. उन्हाळा म्हणजे आमची सुगी. दुकानाच्या बोर्डावर तुझं नाव अजून तसंच आहे, 'दीक्षा मोटर रिवाइंडिंग'. फक्त 'दी'ची वेलांटी उडाली आहे. रंगवून घेतो.

आज तुला ललितची एक गोष्ट सांगायची आहे. त्याने पाठवलेला आवाज अजून या सासऱ्याच्या फोनमध्ये आहे. "मामाजी, कूलरची मोटर जळाली जी. शनिवारी घिऊन येतो. दीक्षाले गर्मी सहन होत नाई." एवढंच, अकरा सेकंदांचं. पडद्यावरचं टिंब बोटाने मागे ओढलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागतो. मी रोज ओढतो. तुझ्या आईला आवाज जाऊ नये म्हणून फोन कानाला लावून ऐकतो, जसा काही कुणाचा फोनच आला आहे.

तो शनिवारी आला. पिशवीत मोटर आणि हातात तुझ्या आईसाठी संत्री. माझ्यासमोर बारा मोटरी रांगेत होत्या. मी मोठ्याने म्हणालो, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." तो हसला. बाकावर बसून राहिला, गिऱ्हाइकांना पाणी दिलं, माझ्यासाठी चहा सांगितला. जावई असून एकदाही म्हणाला नाही की माझं आधी करा.

मी त्याची मोटर सगळ्यांत शेवटी घेतली. घरच्या कामाचं असंच असतं. गिऱ्हाईक बोंब मारतं, घरचं माणूस मारत नाही. चारच्या बसला तासभर राहिला तेव्हा हात लावला. तार भरली ती चांगली भरली, फेऱ्याला फेरा मोजून. वार्निश मारलं आणि मोठ्या बल्बखाली वाळत ठेवली. ती जरा घाईतच काढली, एवढं मान्य करतो. पण माझ्या हातून पस्तीस वर्षांत किती मोटरी घाईत गेल्या असतील, आणि सगळ्या फिरताहेत.

बस सुटताना त्याने खिडकीतून हात हलवला. मी म्हणालो, "घरचंच काम हाय, काई झालं तं पुना आना." तो म्हणाला, "तुमच्या हातचं हाय मामाजी, काय होते त्याले."

असो. मुद्दा अर्थिंगचाच आहे. तू अजून त्याच घरात राहतेस, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घे. मी आलो असतो, पण सीझन आहे.

बाबा


अकोट
५ मे २०२५

दीक्षा,

गेली दोन पत्रं मी तुला लबाडीने लिहिली. खोटं एकही वाक्य नव्हतं, पण जिथे थांबायला नको तिथे दोन्ही वेळा थांबलो. आज पुढचं लिहितो. मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. मग काय करायचं ते कर.

मला हे काम अकोल्याच्या चंदन मिस्तरींनी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता. भरलेली मोटर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी सिरीजच्या बल्बवर दोनदा पाहायची. एक वायर मोटरच्या तारेला लावायची, दुसरी तिच्या लोखंडी अंगाला. बल्ब पेटला तर समजायचं की तार आतून लोखंडाला टेकली आहे, ती मोटर माणूस मारेल. एकदा वार्निशच्या आधी पाहायचं आणि एकदा सगळे बोल्ट आवळून झाल्यावर. ते म्हणायचे, पहिली वेळ गिऱ्हाइकासाठी, दुसरी आपल्या झोपेसाठी. पस्तीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाची मोटर दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय दिलेली नाही. माझ्याशी भांडून गेलेल्या माणसाचीही नाही.

ललितची दिली.

वार्निशच्या आधी पाहिली होती, तेव्हा बल्ब पेटला नाही. मग ती वाळली, मी बोल्ट आवळले आणि घड्याळ पाहिलं. सिरीजच्या बोर्डवर दुसऱ्या कुणाची मोटर लावलेली होती. ती काढून ही लावायची म्हणजे दोन मिनिटं. बस चुकेल म्हणून मी ती दोन मिनिटं दिली नाहीत. आणि खरं सांगू का, बस हेही निमित्तच आहे. पुढची बस साडेपाचला होती. घरचं काम आहे, त्याला काय पाहायचं, असं मनात आलं. परक्याला जी काळजी दिली ती तुला दिली नाही.

मंगळवारी फोन आला. मी बडनेऱ्याला पोहोचलो तेव्हा ललितला दवाखान्यात नेलेलं होतं आणि अंगणात माणसं जमली होती. हवालदार म्हणाला, "मिस्तरी तुमीच ना? पाहून सांगा, कशानं झालं." मी होल्डर आणि बल्ब मागून घेतला. आधी पंपाला लावून पाहिलं. बल्ब पेटला नाही. मग पंख्याच्या मोटरला लावलं आणि तो भर उन्हात पेटला. जमलेल्यांना बल्ब पेटलेला दिसला. कशावर पेटला ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

हवालदाराने विचारलं, "कशानं?"

मी म्हणालो, "पंपानं."

मी हा दिवस मनात रोज मागे नेतो, दीक्षा. अंगणातून बसपर्यंत, बसमधून दुकानापर्यंत, मंगळवारवरून शनिवारपर्यंत. मागे नेताना कुठेच अडत नाही. पुढे आणायला लागलो की दोन ठिकाणी थांबतो. एक तो सिरीजचा बोर्ड आणि दुसरा हा शब्द. पहिल्या ठिकाणी मी आळशी होतो. दुसऱ्या ठिकाणी काय होतो त्याला माझ्याकडे शब्द नाही. भेकड हा फार लहान पडतो.

पंप म्हणालो कारण पंपाला बाप नसतो असं मला वाटलं. कुठल्या तरी कारखान्यात बनलेला, कुठल्या तरी दुकानातून ललितनेच आणलेला असेल, असं धरून चाललो. कुणाच्या अंगावर येणार नाही. आणि तेवढ्यात तू उंबऱ्यातून म्हणालीस, "पंप मी आनला होता, बाबा."

तेव्हा मला बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पार्बताबाई तुझ्याकडे वळल्या, "सस्ता पंप आनला व तुनं, माया लेकराच्या जिवावर," आणि बायकांनी त्यांना धरलं, रडारड सुरू झाली. हवालदाराचं लिहून झालं होतं. मी मोटर खोलून पिशवीत टाकली. कुणी विचारलं नाही. मिस्तरी आहे, सामान आवरतो आहे, असंच सगळ्यांना वाटलं असेल. इथे आणून उघडली. बोल्ट आवळताना एका खाचेतला, तार लोखंडापासून वेगळी ठेवणारा कागद सरकला होता आणि तार लोखंडाला टेकली होती. बोटाच्या पेराएवढी जागा.

ललितच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर तू मला स्वयंपाकघरात गाठलंस. तुझे डोळे सुजलेले होते. म्हणालीस, "बाबा, तुमालेबी वाटते का, मीच मारलं त्याहिले?" मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेलच. मी म्हणालो, "बस निंगून जाईन." आणि निघून आलो. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. जगाला वाटतं की तू हट्टी आहेस. मीही लोकांना तसंच सांगत आलो.

तू नाही मारलंस. तुझा पंप चांगला होता. माझी मोटर खराब होती. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी बोललो असतो तर दहा सेकंद लागली असती.

देवमन


अकोट
८ मे २०२५

दीक्षा,

मागचं पत्र टाकलं आणि घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. तव्यावरची उलटली, शेकली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "मले काहून सांगून राह्यले? हे तिच्या अंगनात जाऊन सांगा." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. तुझी आई कधी एवढी गप्प राहिलेली मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही.

उद्या नऊ तारीख. मी यायला पाहिजे हे मला कळतं. शर्ट काढून ठेवला होता. मग दुकान उघडलं.

सोबत पार्बताबाईंच्या नावाने वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यात सगळं लिहिलं आहे, आडपडदा न ठेवता. पोलिसांना दाखवायची असेल तर खाली माझी सही आहे आणि तारीखही टाकली आहे. तू त्यांना वाचून दाखव. त्यांच्यासमोर उभं राहून बोलणं माझ्याने होईल असं वाटत नाही. त्या मला दरवेळी निघताना तिळाच्या चटणीची पुडी द्यायच्या. दोन वर्षांत तुझ्या आईच्या हाती तीनदा पाठवली. मी खाल्लीही.

दुकानाचा बोर्ड काल उतरवला. तुझं नाव रंगवून घेणार होतो. पेंटर आला आणि मला सांगताच येईना की रंगव. नावाचा मान मी ठेवला नाही, मग रंग कशाला चढवायचा. मोटरी मात्र सगळ्या दोनदा पाहतो आहे. आता त्याचा काय उपयोग, असं तू म्हणशील. मीही म्हणतो आणि पाहतो.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि माझं तुझ्याकडून घेणं खूप झालं. फक्त रात्री पंखा लावून झोप. तू निर्दोष आहेस.

बाबा


बडनेरा
१४ मे २०२५

बाबा, जयभीम.

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून ट्रंकेत टाकली होती. तिसरं चार वेळा वाचलं.

पंख्याचं आधी सांगते. आईने तुम्हाला अर्धवट सांगितलं. मी कुणाला शिक्षा म्हणून पंखा बंद ठेवत नाही. बटणापर्यंत हात जातो आणि तिथून परत येतो, एवढंच. दिवे सासूबाई लावतात. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. पंपाबद्दल बोलतात. रोज नाही, सणावारी.

तुम्ही शेवटी लिहिलं की मी निर्दोष आहे. आता माझं ऐका. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

सोमवारी संध्याकाळी ललित मला म्हणाले होते, "कूलर झिनझिन्या मारून राह्यला व. मामाजीले एकदा दाखवा लागते." मी कणीक मळत होते. मला राग आला. तुमच्या हाताला कुणी नाव ठेवलं की मला लहानपणापासून राग येतो. मी म्हणाले, "माया बाबानं भरेल मोटर हाय ते. दुनियेच्या मोटरी दोनदा पाह्यतात, मायी तं चारदा पाह्यली असंन."  मंगळवारी दुपारी ते हातात पाइप घेऊन कूलरपाशी उभे राहिले आणि मला विचारलं, "बंद करू का?" मी हसले. मीच म्हणाले, "कायले भेता? भरा पानी."

बाबा, तुम्ही अंगणात पंप म्हणालात तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी कोसळले. मी कोसळले हे खरं, पण आत कुठेतरी मला बरंही वाटलं होतं. बाजारातली वस्तू खराब निघाली, तो दोष मला सोसता येत होता. तुमची मोटर चांगली होती म्हणजे मी ललितला खोटं सांगितलं नव्हतं. तुमच्यावर भरवसा ठेवून मी चुकले नव्हते. दोन वर्षं मी तेवढंच धरून काढली. स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं तेही त्याचसाठी, की तुम्ही नाही म्हणाल आणि मग मी तुम्हाला हे सांगून टाकीन. तुम्ही बस पकडायला गेलात.

तुमच्या पत्राने मला सोडवलं असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडे जे एक उरलं होतं ते तुम्ही नेलं. तरी तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. रडले, पण दोन वर्षांत पहिल्यांदा नेमकं कशासाठी ते कळून रडले.

मोटरवरून मी तुम्हाला माफ करीन असं वाटतं. तशी चूक कुणाकडूनही होते, आणि ती मला घरचं समजून झाली की आळसाने, ते मी तुम्हाला विचारणार नाही. पंप म्हणालात त्यालाही कधीतरी करीन. बस निघून जाईल म्हणालात, त्याचं अजून मला काही सांगता येत नाही.

सासूबाईंची चिठ्ठी मी त्यांना दिलेली नाही आणि देणारही नाही. त्यांचा मुलगा कशाने गेला हे त्यांनी कागदावरून ऐकू नये. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने या. आईला आणू नका, सीझनचं सांगू नका. अंगणात त्या बसलेल्या असतील, मीही तिथेच असेन.

आधी तुम्ही सांगा. मग मी सांगते.

दीक्षा